आश्विनात कोट कशाला?

प्रश्न : गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या परत जाताना एक इंग्रजी मासिक विसरून गेला. त्यात पुरुषांनी 'ऑटम'मध्ये काय घालावे यावर पानेच्या पाने आहेत. ट्वीडचा कोट, कॉर्डरॉयची पँट, गळ्यात मफलर, एकावर एक तीन कपडे आणि सगळ्यांचे रंग तपकिरी, मोहरीचे नाहीतर विटकरी. आमच्याकडे मसुऱ्यात घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत अंगातली गंजी पिळून काढावी लागते. घरच्या मंडळींनी फोटो पाहून विचारले, "ह्या घालून खंय जावचा?" तेव्हा शंका अशी, की शरद ऋतूत पुरुषाने नीटनेटके दिसावे आणि उकडूनही निघू नये, असा काही पोशाख आहे का? पांढरे घाला, सुती घाला, असे सगळेच सांगतात. पण पांढरा सुती शर्ट घालूनही मी भिजतोच. पावसाळ्यात कपाटातल्या कोटाला बुरशी लागली, तिचे काय करावे? दिवाळीनंतर घरात लग्न आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, मसुरे, ता. मालवण

उत्तर : मासिकाचे काही चुकलेले नाही आणि घरच्या मंडळींचेही नाही. मासिक ज्या ऋतूसाठी लिहिले आहे, तो ऋतू मसुऱ्यात येतच नाही. पुरुषांच्या कपड्यांचा जगभरचा व्यापार मिलान आणि पॅरिस या शहरांकडे बघून चालतो. मिलान आहे ४५ अंश उत्तर अक्षांशावर आणि मसुरे साधारण १६ अंशांवर. तिकडे ऑक्टोबरात दिवस भराभर लहान होतात, हवा गारठते, झाडे पाने टाकू लागतात. आपल्याकडे पानगळीला माघ-फाल्गुन उजाडावा लागतो. आश्विनात मसुऱ्याच्या कुंपणांवरचे वेल हिरवेगार असतात आणि मळ्यातले भात तेवढे पिवळे पडलेले असते. तिथला कोट इथे आणणे म्हणजे पत्ता चुकलेले पत्र उघडून वाचणे झाले.

बरे, त्या कपडेवाल्यांचे वेळापत्रक त्यांच्या स्वतःच्या ऋतूंनाही धरून नसते. पुरुषांचे पुढच्या हिवाळ्याचे कपडे ते जानेवारीत दाखवतात आणि पुढच्या उन्हाळ्याचे जूनमध्ये. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे मोठा गदारोळ झाला, तो २०२६ च्या उन्हाळ्याचा माल होता. तेव्हा मासिकातल्या ऋतूवर फार विसंबू नये. चपलांकडे मात्र आपण पुढे येणार आहोत.

आधी उकाड्याचे बघू, कारण त्याचे कारण नीट कळले की कपडे आपोआप सुचतात. पुष्कळांची समजूत अशी की ऑक्टोबरात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो. तसे होत नाही. मे महिन्याच्या मध्यावर मसुऱ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, क्षितिजापासून ८७ अंश वर. ऑक्टोबरच्या मध्यावर तो ६५-६६ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो. तरीही उकडते, कारण एकाच वेळी तीन-चार गोष्टी घडतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नैऋत्य मोसमी वारे कोकणातून माघार घेतात, त्यामुळे चार महिने छत्री धरून बसलेले ढग जातात आणि ऊन थेट जमिनीवर येते. जमीन मात्र अजून ओली असते. मळ्यात, ओहोळात, खाडीकाठी सगळीकडे पाणी असते. त्याची वाफ होऊन हवेत राहते. ती वाफ वाहून नेणारा जोरदार वारा आता उरलेला नसतो. समुद्रावरून येणारे खारे वारे दुपारी सुटतात, पण सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा हलका वारा त्यांना अडवून धरतो. मसुरे समुद्रापासून थोडे आत, गड नदीच्या काठी असल्यामुळे तिथे पोचायला त्यांना आणखी उशीर. त्यात आपले शरीर जुलै-ऑगस्टच्या गार पावसाळी हवेला सरावलेले. म्हणून हा उकाडा मे महिन्याइतकाच, आणि कधी कधी त्याहून जास्त अंगावर येतो.

म्हणजे त्रास उष्णतेचा कमी आणि दमट, मठ्ठ हवेचा जास्त. हा फरक इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने थंड होते. एक लिटर घाम त्वचेवर वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती उष्णता शरीरातून जाते. पण हाच घाम ठिबकून खाली पडला किंवा गंजीतून पिळून काढला, तर त्याने आपल्याला थंड करण्याचे काम केलेच नाही, तो फुकट गेला. आपण गंजी पिळता म्हणजे आपल्या शरीराने मेहनत भरपूर केली, हवेने साथ दिली नाही. तेव्हा आश्विनातल्या कपड्याची परीक्षा एकच : आत हवा खेळते का?

इथे दुकानदार आणि माझे पटत नाही. दुकानात गेलो की पहिला प्रश्न येतो, "कोणता रंग दाखवू?" मग कापडाची चर्चा होते आणि बेताचा, म्हणजे कपडा अंगावर कसा बसतो याचा, विचार शेवटी होतो. आपण हा क्रम उलटा करावा. आधी बेत, मग कापड, मग रंग.

बेताचे महत्त्व सांगणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात, हे कोडे इस्रायल आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासले आणि १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, यात शंका नाही. पण आतल्या माणसाला मिळणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच निघाली. कारण झगा सैल होता. काळ्या कापडाने घेतलेली जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच झग्यातल्या वाऱ्याबरोबर बाहेर पडत होती. लगेच मसुऱ्यात काळा झगा शिवू नका. वाळवंटातली हवा कोरडी असते, आपली नव्हे. पण पांढरा घट्ट शर्ट घातलेला माणूस का भिजतो, याचे अर्धे उत्तर इथे मिळते.

आपल्या जुन्या शिंप्यांना हे बेदुईनांकडून शिकावे लागले नाही. आजोबांचा एखादा जुना सदरा पेटीत असेल तर तो काढून उलटा करून बघा. बगलेत तळहाताएवढा एक चौकोनी तुकडा तिरका जोडलेला दिसेल. तो चौबगला. त्यामुळे हात वर केला तरी सदरा कमरेपासून ओढला जात नाही, बगल काचत नाही आणि सगळ्यात जास्त घाम येतो तिथे कापड अंगाला चिकटत नाही. दोन्ही बाजूंना खाली रुंद होत गेलेल्या कळ्या असतात, त्यांच्यामुळे घेर वाढतो. कडेला चीर असते. गळा पुढून उघडा, पट्टी अरुंद. खालून हवा शिरावी, वर चढावी आणि गळ्यातून बाहेर पडावी, असा सगळा मामला. आजच्या शर्टात चौबगला नाही. मुंढा गोल आणि वर चढवून कापलेला असतो, तो उभे राहून फोटो काढायला छान दिसतो, बसची दांडी पकडायला वाईट.

म्हणून शर्ट शिवून घेणार असाल तर शिंप्याला नेमके सांगा. छातीच्या मापापेक्षा पाच-सहा इंच मोकळा ठेवा. मुंढा थोडा खाली घ्या. पाठीवर चुणी द्या. खालची कड सरळ ठेवून कडेला छोटी चीर द्या, म्हणजे शर्ट बाहेर सोडला तरी गबाळा दिसत नाही. तयार शर्ट घेत असाल तर 'स्लिम' लिहिलेला हँगर सरळ पुढे सरकवा, मग पोट कितीही सपाट असो. नीटनेटकेपणा खांद्यावर ठरतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बरोबर बसली की बाकीचा शर्ट सैल असला तरी माणूस व्यवस्थित दिसतो. शिवण दंडावर ओघळली, की तोच शर्ट थोरल्या भावाकडून मागून आणल्यासारखा वाटतो.

बाहीबद्दलही एक गैरसमज आहे. अर्ध्या बाह्यांत गार वाटते हे खरे, पण सावलीत. उन्हात उघड्या हाताला ऊन थेट भाजते. तिथे सैल, पातळ पूर्ण बाही बरी. भातकापणीला जाणारी माणसे त्या उकाड्यातही जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल का बांधतात, हे आपण रोज पाहत असाल. भाताची कुसे टोचू नयेत हे एक कारण, ऊन हे दुसरे. तिन्हीसांजेला डासांसाठीही तीच बाही कामाला येते.

आता कापड. सुती चांगले, पण का चांगले आणि कुठे कमी पडते, हे दोन्ही सांगायला हवे. मध्यम दमट हवेत कोरडे सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के वाफ स्वतःत मुरवून ठेवते; लिनन बारा टक्क्यांपर्यंत; पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती कापड त्वचेवरचा ओलावा उचलते आणि पॉलिएस्टरखाली घाम त्वचेवरच चिकचिकत राहतो. पण उचललेले पाणी सूत लवकर सोडत नाही. भोवतालची हवा दमट असेल तर आणखीच नाही. जाड सुती शर्ट एकदा चिंब झाला की संध्याकाळपर्यंत तो तसाच. आपला शर्ट सुती आहे, तरी आपण भिजता, याचे उरलेले अर्धे उत्तर हे. कापड सुती आहे एवढ्याने भागत नाही, ते पातळ आणि विरळ विणीचे हवे. मलमल, वायल, केंब्रिक, पातळ पॉपलीन, हातमागाचे किंवा बारीक सुताचे खादी कापड या ऋतूत उत्तम. जाड ऑक्सफर्ड, ट्विल, डेनिम हेही सुतीच आहेत, पण ते पौषासाठी राखून ठेवा. दुकानात कापड हातात धरून दिव्यासमोर न्यावे : विणीतून उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर त्यातून हवाही जाईल.

लिनन याहून सरस. त्याला सुरकुत्या पडतात ही त्याची तक्रार नेहमी होते. पडू द्याव्यात. लिननच्या सुरकुत्या गबाळेपणात धरत नाहीत, उलट कडक इस्त्रीचा लिननचा शर्ट घालून हात न वाकवता बसलेला माणूसच विनोदी दिसतो. मात्र लिननच्या नावावर भलतेच कापड खपवले जाते. शंका आली तर आतल्या शिवणीजवळचा कापडाचा एक धागा काढून घरी काडीवर जाळून बघावा. सूत किंवा लिनन असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळते आणि शेवटी काळा टणक मणी उरतो.

टेरिकॉटबद्दल मात्र मी थोडे चांगले बोलणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात त्याला इतिहास आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडत गेले, पण त्याआधी हे पुरुष गणपतीला आणि शिमग्याला गावी येताना टेरिकॉटची पँट घालून आले आणि गावातल्या पोरांनी ती टकामका पाहिली. दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग सूत, असे साधारण त्याचे मिश्रण. घडी मोडत नाही, पटकन वाळते. आषाढात आठवडाभर ऊन न पडणाऱ्या गावाला हा गुण लहान नव्हता. पावसाळ्यात टेरिकॉट शहाणपणाचेच होते. फक्त तेच कापड आश्विनात अंगावर ठेवले की प्रकरण अंगाशी येते. कापडाला दोष देताना महिनाही बघावा.

गंजी घालावी की नाही, हे आपण विचारले नाही, पण पिळण्याचा उल्लेख केला आहे म्हणून सांगतो. पातळ, विरळ विणीची सुती गंजी घाम टिपून मोठ्या भागावर पसरवते, त्यामुळे तो वाळायला मदत होते आणि शर्टावर बगलेचे पिवळे डाग पडत नाहीत. तोटा एवढाच की हवेच्या वाटेत एक थर वाढतो. दिवसभर शर्टात राहायचे असेल तर गंजी घाला आणि दुपारी ती बदला. घरी झब्बा घालून बसायचे असेल तर गंजीची गरज नाही.

रंग शेवटी ठेवला, कारण त्याला लोक देतात तितके महत्त्व नाही. पांढरा आणि फिकट रंग ऊन परतवतात, त्यामुळे उन्हात जायचे असेल तर ते बरे. सावलीत, दुकानात, शाळेत, बँकेत रंगाने उकाड्यात फारसा फरक पडत नाही. तिथे प्रश्न दिसण्याचा असतो, आणि घाम सगळ्यात जास्त कुठे दिसतो? राखाडी आणि आकाशी रंगावर. कोरड्या कापडाच्या धाग्यांमध्ये हवा असते, तिच्यामुळे उजेड चहूकडे विखुरतो आणि कापड फिकट दिसते. त्या पोकळ्यांत पाणी भरले की उजेड तेवढा विखुरत नाही, तो आत रंगापर्यंत जाऊन तिथेच शोषला जातो आणि ओला भाग गडद दिसतो. गर्द निळ्यावर हा फरक जाणवत नाही, कारण तो आधीच गडद आहे. पांढऱ्यात शोषणारा रंगच नसतो, त्यामुळे डाग दिसत नाही, पण कापड पारदर्शक होते आणि आतली गंजी दिसू लागते. बारीक चौकडी, रेघा किंवा छापील कापडावर घाम लपतो. तेव्हा लोकांत जायचा शर्ट पांढरा, गर्द निळा किंवा बारीक चौकडीचा.

नवरात्रातल्या नऊ रंगांचे बंधन पुरुषांनीही पाळावे का, असे अलीकडे विचारले जाते. हौस असेल तर जरूर. ती प्रथा गेल्या वीस-बावीस वर्षांत वर्तमानपत्रांनी रुजवली आहे, शास्त्राने सांगितलेली नाही. त्यामुळे बुधवारी चुकीचा शर्ट घातला म्हणून देवी रागावणार नाही.

आणि त्या मासिकातले तपकिरी, मोहरीचे, विटकरी रंग? ते मसुऱ्यात चालतात, पण त्याचे कारण वेगळे आहे. पाऊस थांबला की आपल्या जांभ्याच्या रस्त्यांवरची तांबडी माती वाळून धूळ होते आणि पांढऱ्या लेंग्याच्या काठावर बसते. ती धुऊन पुरती जात नाही, फिकट भगवी रेघ राहते. म्हणून खालचा कपडा मातकट, खाकी किंवा फिकट तपकिरी असावा आणि वरचा पांढरा. मासिकवाल्यांना झडलेल्या पानांशी रंग जुळवायचा असतो. आपल्याला धूळ झाकायची असते.

आता कपाटातल्या कोटाकडे येऊ. बुरशी लागली की बहुतेक घरांत डांबराच्या गोळ्या वाढवल्या जातात. त्या गोळ्या कसरीसाठी आहेत, बुरशीसाठी नाहीत. बुरशीला हवा असतो ओलावा, आणि तो काढला की ती वाढत नाही. कोट घराबाहेर न्या. घरात झटकलात तर बुरशीचे कण उडून दुसऱ्या कपड्यांवर बसतील. मऊ ब्रशने अस्तरासकट पुसा, खिसे उलटे करा, कॉलर उभी करा. मग आश्विनाचे ऊन दाखवा. आपल्या आज्या याच महिन्यात पेट्या अंगणात का मांडत, याचे हे कारण. पावसाळ्यानंतर एवढे स्वच्छ ऊन पहिल्यांदा आताच मिळते. सुती आणि लोकरी कपड्यांना सकाळचे दोन-तीन तास पुरतात. रेशमी कद किंवा पीतांबर मात्र उन्हात घालू नका, रेशीम उन्हाने पिवळे आणि ठिसूळ होते. त्याला पडवीतला वारा द्या. कोट सुती असेल तर यानंतर धुवा, लोकरी असेल तर ड्रायक्लीनला द्या. आणखी दोन गोष्टी. खळ घातलेले कपडे साठवून ठेवू नयेत, खळीवर कसर आणि बुरशी दोन्ही येतात. इस्त्रीनंतर कोमट कपडा लगेच घडी करून कपाटात ठेवू नये, त्यातली वाफ आतच राहते.

चपलांनाही हाच नियम, उन्हाऐवजी सावली. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल, हिरडा अशा झाडांच्या द्रव्यांनी कमावलेले असते. ते पाण्याने फुगते आणि कडक उन्हात वाळवले तर तडकते. पावसाळ्याआधी माळ्यावर टाकलेली जोडी आता खाली काढून कोरड्या फडक्याने पुसावी, दोन दिवस सावलीत ठेवावी आणि तेलाचा हलका हात फिरवावा. आश्विनात बुटापेक्षा चप्पलच बरी, कारण पायही घामेजतात. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा लग्नातही कुणी नाक मुरडू नये.

लग्नाचे सांगतो. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात, आणि मुहूर्त बहुधा दुपारच्या आसपास येतो. नोव्हेंबरात आपल्या किनाऱ्यावर दुपार अजून तापतेच. रात्री गार होतात एवढाच बदल. अशा वेळी पूर्ण कोट घालून मांडवात बसणारा मामा सगळ्या फोटोंत रुमालाने कपाळ पुसताना सापडतो. त्याला उकडवणारे खरे तर वरचे कापड नसते, आतले पॉलिएस्टरचे अस्तर असते. कोट घालायचाच असेल तर शिंप्याला अर्धे अस्तर लावायला सांगा, तेही सुती. पाठ आणि बाह्या मोकळ्या राहू द्या. माझे मत विचाराल तर कोट सोडून जाकीट घ्या. बिनबाह्यांचे सुती किंवा खादीचे जाकीट, आत पांढरा झब्बा, खाली लेंगा किंवा धोतर. बगल मोकळी राहते, छातीवर थोडा भारदस्तपणा येतो, खिशांत अक्षता आणि चष्मा मावतो. बटणे सगळी लावायची गरज नाही. धोतर नेसता येत असेल तर त्याहून हवेशीर दुसरे काही नाही, आणि न येत असेल तर शिवलेले धोतर मिळते. त्याची लाज वाटू देऊ नये.

एकावर एक तीन कपडे घालायचा तो सल्ला पुरता टाकाऊ नाही. मसुऱ्यात त्याला एक जागा आहे : जत्रेची रात्र. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, दशावतारी मंडळे बाहेर पडतात, आणि पालखी फिरल्यानंतर सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. माणूस संध्याकाळी शर्टात निघतो आणि पहाटे तीनला कुडकुडतो. आभाळ स्वच्छ असल्यामुळे रात्री जमिनीतली उष्णता थेट वर निघून जाते. जमीन, पाने, मांडवाचे छत, आपले डोके आणि खांदे हवेपेक्षा गार होतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन जमते. दव आकाशातून पडते असे आपण म्हणतो, ते पडत नाही, जिथल्या तिथे तयार होते. म्हणून डोक्यावर टोपी किंवा टॉवेल असला की केस ओले होत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी डोके जड होत नाही.

त्या रात्री तीन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा चांगले, कारण थरांमधली स्थिर हवाच ऊब धरून ठेवते, आणि गर्दीत उकडले तर एकेक उतरवता येतो. आत सुती शर्ट, वर जाकीट, खांद्यावर शाल. शालीऐवजी पातळ लोकरीचा स्वेटरही चालेल. लोकर बरीच वाफ आत घेऊनही अंगाला ओली लागत नाही, म्हणून दवात ती सुतापेक्षा बरी. जाड जॅकेट आणि कानटोपी मार्गशीर्ष-पौषापर्यंत थांबू शकतात. आंगणेवाडी तर आपल्या मसुऱ्याचीच वाडी. पण तिथल्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांग बघून ठरत नाही, कौल लागावा लागतो, आणि ती येईपर्यंत शरद केव्हाच मागे पडलेला असतो. तिथल्या गर्दीत शाल सांभाळण्यापेक्षा खिशाला चेन असलेली पँट जास्त उपयोगाची.

जत्रेहून पहाटे घरी आल्यावर स्वेटर किंवा शाल घडी करून लगेच पेटीत टाकू नका. ती हाताला कोरडी लागली तरी लोकरीत रात्रभराचा ओलावा असतो. सकाळी पडवीत दोरीवर घाला, दुपारी उलटी करा आणि दुसऱ्या दिवशी ठेवा.